'परत होईल का?' या प्रश्नाला मुलीला खरं उत्तर द्या

अंडाशयाचा कर्करोग म्हटलं की पन्नाशी-साठीची स्त्री डोळ्यासमोर येते. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटातली गाठ कर्करोगाची निघाली, की आईवडिलांचा विश्वासच बसत नाही. मग घरात ठरतं, 'तिला काही सांगायचं नाही. गाठ होती, काढली, एवढंच.' यामागे माया असते हे मला कळतं. तरीही माझं मत स्पष्ट आहे. या वयाच्या मुलीपासून आजाराचं नाव लपवू नका, आणि 'हे परत होईल का?' असं तिने विचारलं तर विषय बदलू नका.

आधी आजार समजून घेऊ. किशोरवयात अंडाशयात होणारे कर्करोग बहुतेक वेळा बीजपेशींपासून झालेले असतात. त्यांना जर्म सेल ट्यूमर म्हणतात. डिसजर्मिनोमा, योक सॅक ट्यूमर, इमॅच्युअर टेराटोमा ही त्यातली नावं तुमच्या मुलीच्या रिपोर्टवर असू शकतात. मोठ्या वयाच्या स्त्रियांना होणारा नेहमीचा अंडाशयाचा कर्करोग हा वेगळा आजार आहे. तो बरेचदा उशिरा कळतो आणि पुन्हा उलटण्याचं प्रमाणही त्यात जास्त असतं. मुलींमधल्या या गाठी झपाट्याने वाढतात, पण केमोथेरपीला फार चांगला प्रतिसाद देतात. सुरुवातीच्या टप्प्यात सापडल्या तर दहापैकी नऊहून अधिक मुली बऱ्या होतात. आजार पसरलेला असला तरी बऱ्याच मुली बऱ्या होतात.

शस्त्रक्रियेत सहसा गाठ असलेलं अंडाशय आणि त्या बाजूची नलिका काढतात. गर्भाशय आणि दुसरं अंडाशय शक्यतो राखतात. काही मुलींना त्यानंतर फक्त देखरेख पुरते. बाकीच्यांना बहुधा ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन या तीन औषधांची केमो दर २१ दिवसांनी, साधारण तीन ते चार वेळा देतात.

आता लपवण्याचा तोटा पाहा. मुलीच्या हातात मोबाइल आहे. फाइलवरचा एखादा शब्द तिने वाचलेला असतो, वॉर्डात शेजारच्या खाटेवरचं बोलणं ऐकलेलं असतं. रात्री ती 'अंडाशयाचा कर्करोग' असं शोधते आणि समोर येतात ते साठीच्या स्त्रियांच्या आजाराचे आकडे. ते तिचे नसतातच, पण हे तिला सांगणार कोण? घरात तर हा विषयच बंद आहे. आपण तिला भीतीपासून वाचवायला जातो आणि चुकीच्या माहितीसोबत एकटं सोडतो.

मग उत्तर काय द्यायचं? 'काही होणार नाही' असं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही, आणि हे तिलाही कळतं. साध्या शब्दांत सांगा, 'शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. म्हणूनच तपासण्या करायच्या. काही दिसलंच तर त्यावर पुन्हा उपचार करता येतात. आणि जे कळेल ते तुझ्यापासून लपवणार नाही.' तिची नेमकी शक्यता किती, हे गाठीचा प्रकार आणि टप्पा यांवर ठरतं. ते तिच्या डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारा.

हा आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून त्या काळात तपासण्या लवकर लवकर असतात आणि पुढे त्यांतलं अंतर वाढतं. हे मुलीला माहीत असू द्या. एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्यांपैकी जी सुरुवातीला वाढलेली होती ती देखरेखीसाठी फार उपयोगी पडते. जी तेव्हाही नॉर्मल होती, ती आज नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. अशा मुलींमध्ये तपासणी आणि स्कॅन यांवर जास्त भर असतो. मनाला वाटलं म्हणून मध्येच लॅबमध्ये जाऊन सीए-१२५ करू नका. ती पाळीच्या दिवसांतही वाढू शकते आणि घरात नाहक आठवडाभर झोप उडते.

पोट दुखलं की घरातले सगळे एकमेकांकडे पाहतात, हे अनेक घरांत वर्षानुवर्षं चालतं. त्यावर एक उपाय करा. कशासाठी थांबायचं आणि कशासाठी फोन करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाळीच्या वेळी नेहमीसारखं दुखणं म्हणजे आजार परतला असं नाही. दुखणं आठवडाभर टिकलं किंवा वाढत गेलं, पोट फुगलं, गाठ हाताला लागली, तर तारखेची वाट न पाहता दाखवा. अचानक तीव्र कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. केमो सुरू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळपर्यंत थांबू नका.

तपासणीच्या आधीचे चार दिवस मुलगी चिडचिडी होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्यावरून तिला बोलू नका. रिपोर्ट मोबाइलवर येणार असेल तर तो कोण उघडणार, आधी कोणाला सांगणार, हे तिला विचारून ठरवा. तिला न विचारता तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तो तिच्या शरीराचा रिपोर्ट आहे.

आणि एक वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका, 'आता हिच्या लग्नाचं कसं व्हायचं?' पंधरा वर्षांची मुलगी जगण्याची चिंता करत असते आणि पाहुणे तिच्या स्थळांची. एक अंडाशय आणि गर्भाशय शाबूत असेल तर पाळी येते, पुढे मूलही होऊ शकतं. केमोच्या काळात पाळी थांबली तरी बहुतेक मुलींची काही महिन्यांत सुरू होते. ही माहिती तिलाही द्या, कारण हा प्रश्न तिच्याही मनात असतो. तो आईबाबांसमोर विचारायला तिला संकोच वाटतो, म्हणून दर भेटीत तिला डॉक्टरांशी दहा मिनिटं एकटीने बोलू द्या.

तुमचं काय? तुम्हालाही भीती वाटणारच. 'मलाही काळजी वाटते' असं म्हणायला हरकत नाही. पण तुम्हाला धीर देण्याचं काम तिच्यावर पडू नये. त्यासाठी बहीण, मित्र, समुपदेशक, कोणीतरी मोठं माणूस शोधा. दोन आठवड्यांहून जास्त काळ तिची झोप, जेवण बिघडलं, तिने शाळा टाळली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाबद्दल बोलू लागली तर एक दिवसही थांबू नका. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक तिच्यासाठी आहे आणि तुमच्यासाठीही.

शेवटचं काम फाइलचं. शस्त्रक्रियेची नोंद, बायॉप्सीचा रिपोर्ट, केमोच्या औषधांची नावं आणि एकूण मात्रा एकत्र ठेवा. ब्लिओमायसिनचा फुप्फुसांवर आणि सिस्प्लॅटिनचा कानांवर व मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हे सांगावं लागतं. अठरा पूर्ण झाल्यावर ती फाइल तिला स्वतःलाच सांभाळायची आहे. म्हणून सुरुवात आत्तापासून करा. पुढच्या तपासणीला जाताना प्रश्नांची वही तिच्याकडे द्या आणि पहिला प्रश्न तिलाच विचारू द्या.