आज उडायचं की नाही?



हिंगणघाटहून सातवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, 'बाई, आमच्या वावरावरून रोज विमानं जातात. पुढे पाऊस आहे की नाही हे वैमानिकाला कसं कळतं? तोही आमच्या बाबांसारखा आभाळाकडे बघून ठरवतो का?'

प्रश्न झकास आहे! उत्तर आहे, हो आणि नाही. वैमानिक आभाळाकडे बघतोच, पण त्याच्याही आधी तो विचारतो. कारण सरळ आहे. कपाशीवर फवारणी करताना पाऊस आला, तर बाबा पंप उचलून घरी येतात. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला लावता येते. विमान हवेत उभं करता येत नाही! म्हणून वाटेत काय भेटणार हे जमिनीवर असतानाच जाणून घ्यावं लागतं. उड्डाणाआधी हवामानाची माहिती घेण्याच्या या कामाला 'ब्रीफिंग' म्हणतात.

मोठ्या प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात, नाकात रडार असतं, आणि कंपनीचं ऑफिस मदतीला असतं. आपण आज बोलू या ते छोट्या विमानाबद्दल, म्हणजे स्वतःचं विमान चालवणाऱ्या किंवा उडायला शिकणाऱ्या माणसाबद्दल. अशी शिकाऊ विमानं आपल्यापासून फार दूर नाहीत. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर नागपूर फ्लाइंग क्लबची सेसना १५२ जातीची विमानं आहेत. या विमानात दोनच माणसं बसतात. इंधन आणि माणसं धरून त्याचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास भरतं. म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढं! एवढ्याशा विमानाला जोराचा वारा आणि ढग म्हणजे काय संकट असेल, तुम्हीच विचार करा.

जुन्या काळची गोष्ट

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक छोटं 'पस मॉथ' विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून मुंबईच्या जुहूला टपाल घेऊन उतरले. विमानात रेडिओ नव्हता. वाटेत ढग दाटले, तर ते सांगणारं खालून कुणी नव्हतं. जुहूचं मैदान तर पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून त्या दिवसांत विमानं पुण्याला येरवड्याच्या मैदानावर न्यावी लागायची. हवामानापुढे वेळापत्रकानं मान तुकवली ती अशी!

पुढे १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, आणि तिचा मान मिळाला आपल्या नागपूरला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमानं मध्यरात्री नागपूरला यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. काळोखात ढग डोळ्यांना दिसत नाहीत. अशा वेळी हवामानाची माहिती म्हणजे वैमानिकाचे दुसरे डोळेच की!

विचारायचं कुणाला?

आपल्या देशाचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. नागपूरला त्याचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथून पहाटे आणि संध्याकाळी एक मोठा फुगा आकाशात सोडतात. त्याला एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. वर जाता जाता ते तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब रेडिओवरून खाली कळवतं. डॉप्लर रडारही आहे. पावसाचे ढग कुठे आहेत आणि कुठे सरकतायत ते त्यावर दिसतं. विमानतळावरची हवा तर दर अर्ध्या तासानं मोजली जाते.

पूर्वी वैमानिक विमानतळावरच्या हवामान कार्यालयात जाऊन बसायचा, नकाशे बघायचा, अधिकाऱ्याला विचारायचा. अमेरिकेत फोनवरून विचारायची पद्धत पडली. कुठून निघणार, कुठे जाणार, किती उंचीवरून जाणार हे सांगायचं, की पलीकडचा माणूस सगळा रस्ता वाचून दाखवायचा. आता आपल्याकडे हवामान खात्यानं ही माहिती कॉम्प्युटरवर उपलब्ध केली आहे.

पण ती माहिती येते सांकेतिक भाषेत! चला, एक नमुना वाचू या. (हा मी तुमच्यासाठी बनवला आहे हं.)

व्हीएएनपी १५०२३०झेड २४००८केटी ३००० बीआर बीकेएन०१२ २६/२४ क्यू१००५

घाबरलात? एकेक तुकडा सोडवू.

'व्हीएएनपी' म्हणजे नागपूर विमानतळ. '१५०२३०झेड' म्हणजे १५ तारीख, २ वाजून ३० मिनिटं. पण ही वेळ ग्रीनिचची. तिच्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे आपले सकाळचे ८ वाजले. '२४००८केटी' म्हणजे वारा २४० अंशांवरून, साधारण नैर्ऋत्येकडून, ८ नॉट वेगानं येतोय. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. करा गुणाकार! '३०००' म्हणजे ३००० मीटरपर्यंतचंच दिसतंय. 'बीआर' म्हणजे विरळ धुकं. हे दोन अक्षरी नाव फ्रेंच शब्दावरून आलंय.

'बीकेएन०१२' मजेशीर आहे. आभाळाचे भाकरीसारखे आठ सारखे भाग करा. पाच ते सात भाग ढगांनी झाकले असतील, तर 'बीकेएन' लिहितात. ०१२ म्हणजे ते ढग १२०० फुटांवर आहेत. '२६/२४' म्हणजे तापमान २६ अंश आणि दवबिंदू २४ अंश. हे दोन आकडे जवळ आले की धुकं धरण्याची भीती असते. शेवटचा आकडा हवेच्या दाबाचा.

आता कोडं. बाहेर बघून विमान चालवणाऱ्या वैमानिकाला अशा विमानतळावरून उडायचं, तर निदान ५ किलोमीटरपर्यंतचं दिसायला हवं आणि आभाळ झाकणारे ढग १५०० फुटांपेक्षा खाली नकोत. मग आज सकाळी ८ वाजता उडायचं की नाही?

शाब्बास! नाही उडायचं. थोडं ऊन वर आलं, की पुन्हा माहिती घ्यायची.

ढगाला एवढं का घाबरायचं?

ढग तर कापसासारखा मऊ दिसतो. मग विमान आत गेलं तर काय बिघडलं? ऐका. आपण सरळ आहोत की तिरपे, हे आपल्याला डोळे सांगतात, आणि कानाच्या आतला एक नाजूक अवयवही सांगतो. ढगात शिरलं की क्षितिज दिसेनासं होतं. मग कान एकटाच सांगत राहतो, आणि तो फसतो! विमान कलंडत असतं, पण माणसाला वाटतं, आपण अगदी सरळ आहोत.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं याची परीक्षा घेतली. केवळ यंत्रांचे काटे बघून उडायचं शिक्षण न घेतलेले २० वैमानिक निवडले. बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून त्यांना उडायला सांगितलं. २० पैकी २० जणांचा ताबा सुटला! सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

आणि विजांचे ढग तर आणखी भयंकर. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आपल्याकडे आभाळ एकाएकी काळं होतं, वावटळ उठते, गारा पडतात. त्या ढगाच्या पोटात एकीकडे हवा जोरानं वर जाते, तर शेजारीच खाली आदळते. लहान विमानानं त्याच्या आसपासही फिरकू नये.

नवतपात तर आभाळ निरभ्र असूनही अडचण! तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाचा जोर घटतो. म्हणून तेच विमान मे महिन्याच्या दुपारी उडायला धावपट्टीवर जास्त लांब धावतं. तेव्हा तापमानाचा आकडाही विचारायचा असतो.

माहिती मिळाली, पुढे काय?

१६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेत एक छोटं विमान समुद्रात कोसळलं. ते चालवत होते जॉन केनेडी ज्युनियर, अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. विमानातले तिघंही गेले. निघण्याआधी हवामानाचा अंदाज पाहिलेला होता, आणि तो वाईट नव्हता. पण समुद्रावर धुरकट हवा होती, रात्र अंधारी होती, क्षितिज दिसत नव्हतं. चौकशीत निघालं ते हेच, की दिशेचं भान हरपलं आणि ताबा सुटला.

यातून वैमानिक दोन गोष्टी शिकतात. पहिली, विमानतळाचं हवामान म्हणजे वाटेतलं हवामान नव्हे. तुमच्याकडेही आर्वीला पाऊस आणि समुद्रपूरला लख्ख ऊन असं होतंच की! म्हणून दुसरं विमान वर असेल, तर त्याच्या वैमानिकानं रेडिओवर कळवलेली माहितीही विचारायची, आणि वाटेत परत फिरायची तयारी ठेवूनच निघायचं.

दुसरी गोष्ट अवघड आहे. हवामान अधिकारी माहिती देतो. नियमात अजिबात न बसणारं उड्डाण कंट्रोल टॉवर थांबवतो. पण काही दिवस मधलेच असतात. नियमात बसतात, पण मनाला पटत नाहीत. घरी लोक वाट बघत असतात, टाकी भरलेली असते, मित्र म्हणतात, 'चल रे, काही होत नाही!' त्या वेळी 'आज नाही' म्हणायचं काम एकट्या वैमानिकाचं असतं. ते कुठलंही रडार करून देत नाही.

पावसाळ्यात यशोदा किंवा वणा नदीला पूर येतो. पुलावरून पाणी वाहत असलं, की एस. टी.चा जाणता ड्रायव्हर गाडी थांबवतो. मागून कितीही लोक ओरडले, तरी पाणी उतरेपर्यंत हलत नाही. त्याला कुणी भित्रा म्हणतं का? गावी उशिरा पोचतो, पण सगळे पोचतात. चांगला वैमानिक तसाच.

आता तुमचं काम

आठ दिवस रोज सकाळी ८ वाजता शाळेच्या मैदानात उभे राहा. आभाळाचे आठ भाग कल्पून किती भाग झाकलेत ते लिहा. पाण्याची टाकी, जिनिंगचं धुराडं, दूरची टेकडी यांतलं काय काय स्वच्छ दिसतं ते लिहा. त्या खुणा किती लांब आहेत ते मोठ्यांना विचारून ठेवा. हवामान केंद्रातही किती लांबचं दिसतं हे अशा ठरलेल्या खुणांवरून ठरवत आले आहेत. मूठभर माती हळूच सोडा आणि वारा कुठून येतो ते बघा. मग खाली एकच ओळ लिहा, 'आज उडायचं' किंवा 'आज नाही', आणि का ते.

आठ दिवसांत 'आज नाही' किती वेळा आलं, ते मला जरूर कळवा.

तुमच्या बाई