ब्रँच लाइन तोडली तर मेन लाइन सुकते



तंजावर म्हटले की आपल्याला भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. तंजावर जिल्ह्याला समुद्रही आहे, हे मात्र आम्हाला युनियनच्या कामानिमित्त तिकडे गेलो तेव्हाच कळले. तिथले साथी आम्हाला मल्लिपट्टिणमजवळचा मनोरा दाखवायला घेऊन गेले. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून सरफोजीराजांनी 1814-15 च्या सुमारास हा आठ मजली मनोरा बांधला. समोर पाल्कची सामुद्रधुनी. लाटा नाहीत, पाणी उथळ, गढूळ. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "हा कसला समुद्र? हा तर चिखल!"

त्या चिखलाविषयीच आज लिहायचे आहे.

या उथळ पाण्याच्या तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत. किनाऱ्याने पूर्वेला गेले की अदिरामपट्टिणम आणि मुत्तुपेट्टईची तिवरांची वने लागतात. दक्षिणेला मंडपम-रामेश्वरमकडे पोवळ्यांचे खडक आहेत, आणि पुढे मन्नारच्या आखातात 21 बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान 1986 पासून आहे. पर्यटक पोवळी बघायला जातात, फोटो काढतात. पण त्या पोवळ्यांवर फिरणारे कितीतरी मासे तिथे लहानाचे मोठे होत नाहीत. आपली तांबोशीच घ्या. तिची पिल्ले खाडीत, तिवरांच्या मुळांत वाढतात. तिथे खायला मिळते, आणि मोठ्या माशांना त्या गुंत्यात शिरता येत नाही. अंगाने भरली की ती बाहेर खडकांकडे जाते.

कॅरिबियन समुद्रात शास्त्रज्ञांनी याची मोजदाद केली आणि ती 2004 साली प्रसिद्ध झाली. जिथे खडकांजवळ भरपूर तिवरे होती, तिथे बाजारात विकल्या जाणाऱ्या काही जातींच्या माशांचे एकूण वजन दुपटीहून अधिक भरले. तिवरे तोडली तिथून एक मोठा पोपटमासा पार नाहीसा झाला. पोपटमासे खडकावरचे शेवाळ खरडून खातात. ते गेले की शेवाळ माजते आणि पोवळ्यांना जागा उरत नाही.

आपल्याला हे समजायला शास्त्रज्ञ कशाला हवा? ब्रँच लाइन तोट्यात आहे म्हणून बंद करतात आणि मग मेन लाइनच्या गाडीला गर्दी का नाही म्हणून चौकशी समिती बसते! खेड्यातले शाखा डाकघर बंद केले तर मोठ्या पोस्टात टपाल कुठून येणार? चिखल, गवत आणि तिवरे ही समुद्राची ब्रँच लाइन आहे. पिल्लू लांबचा पल्ला गाठू शकत नाही. म्हणून किनाऱ्यावरचे प्रत्येक लहान स्टेशन चालू राहिले पाहिजे.

हे तोडते कोण? होडीवर हातजाळे टाकणारा कोळी नव्हे. तळ खरवडत जाणारे ट्रॉलर गवत उपटतात. तमिळनाडूच्या 1983 च्या कायद्याने किनाऱ्याजवळच्या पाण्यात ट्रॉलरला बंदी आहे. कागदावरची बंदी पाण्यात उतरली पाहिजे. दुसरा घाला कोळंबीच्या तळ्यांचा. सर्वोदयी नेते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये किनारपट्टीच्या संरक्षित भागातील कोळंबी प्रकल्प हटवायचा आदेश दिला. बेकार होणाऱ्या कामगारांना कायदेशीर भरपाईखेरीज सहा वर्षांचे वेतन द्यावे, असेही त्यात होते. निसर्ग आणि कामगार यांचा विचार एकाच निकालात झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. 2005 साली संसदेने वेगळा कायदा करून या धंद्याला पुन्हा वाट मोकळी केली, हेही लक्षात ठेवा.

चांगलेही घडले आहे. मुत्तुपेट्टईत स्वामिनाथन प्रतिष्ठान, वनखाते आणि गावकरी यांनी मिळून चर खणले, भरतीचे पाणी आत घेतले आणि उजाड जागी तिवरे उभी केली. सप्टेंबर 2022 मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टई जिल्ह्यांच्या समुद्रात 448 चौरस किलोमीटरचे देशातले पहिले समुद्रगाय संवर्धन क्षेत्र जाहीर झाले. समुद्रगाय गवत खाऊन जगते. तिच्यासाठी गवत राखले की माशांची पिल्लेही राखली जातात. मात्र असे निर्णय छोट्या मच्छिमारांना समोर बसवून व्हावेत. कामगाराला न विचारता केलेला ड्यूटी रोस्टर किती टिकतो, हे आपण जाणतोच.

आणि हे फक्त तंजावरचे नाही. मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांत तिवरे आहेत. आपली लोकल वाशीच्या खाडीपुलावरून जाते तेव्हा खाली तीच तिवरे दिसतात. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांच्या तोडीला मनाई केली. तरी डेब्रिजचे ट्रक रात्री येतातच. रात्रपाळीला रुळांवर आपण असतो. ते ट्रक आपल्या डोळ्यांसमोर रिकामे होतात. तिथे गप्प बसू नये. शाखेच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा आणि तक्रार एकट्याच्या नावाने नव्हे, युनियनच्या नावाने करावी, एवढीच आमची विनंती.