चिप कंपनीचा शेअर घ्यायचाय? आधी विचारा, चिप बनते का!

परवा संगमनेर बस स्टँडजवळ चहा पिताना आमच्यात जोरदार वाद झाला. मुद्दा एकच: चिप कंपनीचा शेअर घ्यावा का? एकजण म्हणाला, "अरे, मोबाईलपासून कारपर्यंत सगळीकडे चिप लागते. डोळे झाकून घे!" त्याने दुधाच्या पगारातून २० हजार बाजूला काढून ठेवलेत. दुसऱ्याने विचारलं, "पण ही कंपनी आज नक्की काय बनवते?" पहिला गप्प.

माझ्या मते दुसऱ्याचा प्रश्नच खरा आहे. का ते सांगतो.

घोषणा झाली म्हणजे चिप बनली असं नाही

तळेगाव आठवतंय? वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटी रुपयांचा प्रकल्प पुण्याजवळ तळेगावला येईल अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला आणि आपल्याकडे राजकारण पेटलं. त्याच दिवसांत वेदांताचा शेअर उसळला. मग कंपनीने खुलासा केला की चिपचा हा धंदा शेअर बाजारातली वेदांता लिमिटेड करणार नाही, तिच्या प्रवर्तकांची व्होल्कन ही वेगळी कंपनी करणार. म्हणजे लोकांनी शेअर घेतला एका कंपनीचा आणि प्रकल्प होता दुसरीचा! प्रेस रिलीजमधून चुकीचा समज होतो म्हणून सेबीने जून २०२३ मध्ये वेदांताला ३० लाखांचा दंड केला. पुढच्याच महिन्यात फॉक्सकॉन बाहेर पडली. महाराष्ट्र की गुजरात यावर आपण भांडत बसलो, पण त्या प्रकल्पातून चिप कुठेच बनली नाही.

ताजं उदाहरण आरआरपी सेमीकंडक्टरचं. डिसेंबर २०२५ पर्यंतच्या साधारण २० महिन्यांत हा शेअर ५५ हजार टक्क्यांहून जास्त वाढला. आणि कंपनीने स्वतःच एक्स्चेंजला कळवलं होतं की आम्ही सेमीकंडक्टरचं उत्पादन अजून सुरूच केलेलं नाही. बीएसईने या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एकाच दिवसावर आणले. असा शेअर पडायला लागला तर विकायला गिऱ्हाईक मिळेलच याची खात्री कोण देणार?

खरी प्रगती कशी मोजतात?

कारखाना उभा राहिला तरी काम संपत नाही. चिप सिलिकॉनच्या गोल चकतीवर बनतात. तिला वेफर म्हणतात. एका वेफरवर शेकडो चिप बसतात, पण सगळ्या चालत नाहीत. धुळीचा एक कण पडला तरी चिप बाद. शंभरातल्या किती चिप चांगल्या निघाल्या, त्याला म्हणतात यील्ड.

आपल्या तालुक्यात डाळिंब करणाऱ्यांना हे लगेच कळेल. झाड फळांनी लगडलेलं असतं, पण तेल्या आला, फळं तडकली, की एक नंबरचा माल किती उरतो? खर्च सगळ्या बागेवर झालेला असतो, पैसे फक्त चांगल्या फळाचे मिळतात. चिपचंही तसंच. यील्ड कमी असेल तर प्रत्येक चांगली चिप महाग पडते.

जगातली मोठी कंपनीही यात अडकते. जुलै २०२० मध्ये इंटेलने सांगितलं की ७ नॅनोमीटर तंत्राचं यील्ड ठरवल्यापेक्षा साधारण १२ महिने मागे आहे. दुसऱ्याच दिवशी शेअर १६ टक्क्यांच्या आसपास पडला आणि स्पर्धक एएमडीचा तेवढाच वर गेला. गंमत म्हणजे एएमडी स्वतः चिप बनवत नाही. ती तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेते. म्हणजे इंटेलची खरी स्पर्धा दुकानात एएमडीशी होती आणि कारखान्यात टीएसएमसीशी.

मग भारतात काहीच होत नाहीये का?

होतंय की! पण कोण काय करतंय ते वेगळं करून बघा. टाटा समूह तैवानच्या पीएसएमसीसोबत धोलेराला फॅब, म्हणजे वेफरवर चिप बनवणारा कारखाना, उभारतोय. मुंबईच्या सीजी पॉवरच्या उपकंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये साणंदला पायलट लाइन सुरू केली. तिथे पॅकेजिंग आणि टेस्टिंग होतं, म्हणजे तयार चिप कापून, कवचात बसवून, तपासायची. दोन्ही कामं गरजेची आहेत, पण खर्च, जोखीम आणि स्पर्धक वेगळे. बातमीत मात्र दोघांनाही "चिप कारखाना"च म्हणतात.

पैसे टाकण्याआधी हे चार प्रश्न विचारा:

१. चिपचं काम याच लिस्टेड कंपनीचं आहे, की नावासारखं नाव असलेल्या दुसऱ्या कंपनीचं?
२. ती फॅब आहे, पॅकेजिंग करते, की फक्त डिझाइन?
३. उत्पादन कुठल्या टप्प्यावर आहे: करार, बांधकाम, पायलट, की ग्राहकाला माल जातोय?
४. ग्राहक कोण, आणि तो टीएसएमसीसारख्यांना सोडून इथे का येईल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा बीएसईच्या वेबसाइटवर कंपनीच्या घोषणांमध्ये फुकट मिळतात. चौथ्याला डोकं लावावं लागतं. उत्तरं मिळाली नाहीत, तर तेही एक उत्तरच समजा.

मित्राचे २० हजार अजून खात्यातच आहेत. दूध घालताना आपण फॅट किती लागली ते रोज बघतो. मग शेअर घेताना डोळे झाकायचे कशाला?