अंगणवाडी की कॉन्व्हेंट? पेरणीच्या तोंडावर घराघरांत एकच चर्चा

वर्धा : मृग लागला की गावात दोन याद्या निघतात. एक कृषी केंद्राची: कपाशीच्या थैल्या, सोयाबीनचं बियाणं, डीएपी. दुसरी लेकरांच्या शाळेची. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पेरणीही त्याच दिवसांत असते. म्हणून दोन्ही याद्या एकाच खिशातून भागवाव्या लागतात, आणि तो खिसा जूनमध्ये रिकामाच असतो.

यंदा हा पेच आमच्याच घरी आहे. लहान भावाची मुलगी तीन वर्षांची झाली. भावजय म्हणते, शेजारच्या गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये टाकू. भाऊ म्हणतो, घरामागं अंगणवाडी आहे, तिथं काय वाईट आहे? आई मधातच बोलते, "तुमी दोघं भाऊ कोणत्या नर्सरीत गेले होते जी?" असं बोलणं आज देवळी, समुद्रपूरपासून आष्टी, कारंजापर्यंत कितीतरी घरांत चालू असेल. म्हणून थोडं नीट बघू.

अंगणवाडीत काय मिळतं?

अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी, असा आपला समज झाला आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून तिच्यात सहा कामं आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना पूर्वशालेय शिक्षण. शेवटचं काम कागदावर आहेच, पण आपण पालक त्याबद्दल कधी विचारत नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला अंगणवाडीत मोफत आहाराचा हक्क दिला. शिक्षण हक्क कायदा मात्र ६ ते १४ वयासाठी आहे. म्हणजे तीन वर्षांच्या लेकराला खायचा हक्क कायद्यानं आहे, शिकायचा तसा पक्का हक्क नाही. अंगणवाडीत ताटाचा हिशेब नीट ठेवला जातो आणि पाटीचा राहून जातो, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

कॉन्व्हेंटकडे ओढा का?

आपल्याकडे नर्सरी, केजी वन, केजी टू अशा कोणत्याही इंग्रजी वर्गाला कॉन्व्हेंट म्हणतात. तिकडे पाठवणाऱ्या आईबापांना नावं ठेवून चालणार नाही. आपल्या पोरानं वावरात खपू नये, असं प्रत्येक शेतकऱ्याला वाटतं, मलाही वाटतं. शिवाय कॉन्व्हेंट ठरलेल्या वेळी उघडतं. डायरी येते, पालकसभा होते.

अंगणवाडीचा भरवसा काही वेळा तुटलाही आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविका-मदतनिसांचा संप झाला, तो जानेवारी २०२४ च्या शेवटापर्यंत चालला. सेविकेला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. त्यावर पोषण ट्रॅकरची माहिती भरणं, वजन-उंची, सर्वे, गृहभेटी. त्यांची मागणी रास्त होती. पण त्या दिवसांत ज्या आईला मजुरीला जायचं होतं, तिच्या लेकराचं काय, हाही प्रश्न खराच होता.

दोन्हीकडे तासभर बसलो

घरात वाद वाढला तेव्हा मी भाऊ-भावजयीला म्हटलं, बोर्ड पाहून ठरवू नका. दोन्ही ठिकाणी जाऊन तासभर बसू.

अंगणवाडीत गेलो तर सेविकाताई मोबाईलमध्ये माहिती भरत होत्या. पहिली वीस मिनिटं लेकरं आपापली खेळत होती. संडासाला कुलूप होतं. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं, मी काही बोललो नाही. मग ताईंनी ताटात तूर आणि हरभरा एकत्र ओतला आणि लेकरांना वेगळा करायला बसवलं. कोणते दाणे जास्त, कोणते कमी, कोणाच्या वावरात काय पेरलं, अशा गप्पा सुरू झाल्या. आमची पोरगी घरी पाहुणे आले की तोंड उघडत नाही. तिथं ती म्हणाली, "आमच्या वावरात बी तूर हाय." मदतनीस बाईंनी सगळ्यांचे हात धुऊन जेवायला वाढलं.

कॉन्व्हेंटमध्ये खोली स्वच्छ, पंखा चालू, संडास उघडा. मॅडमना प्रत्येक लेकराचं नाव पाठ होतं आणि त्या कोणावर ओरडल्या नाहीत, हे सांगितलंच पाहिजे. पण लेकरं बाकावर बसून ए ते झेड म्हणत होती आणि वहीत आकडे गिरवत होती. एक पोरगं चुळबुळ करत होतं. त्याला लघवीला जायचं होतं आणि इंग्रजीतलं वाक्य आठवत नव्हतं. शेवटी चड्डी ओली झाली. पोरं हसली.

एका तासावरून कोणाला नापास करता येत नाही. दुसऱ्या गावात याच्या उलटही दिसेल: खेळ घेणारं कॉन्व्हेंट आणि दाराला कुलूप असलेली अंगणवाडी. म्हणून तर स्वतः जाऊन पाहावं लागतं.

सरकारचं धोरण काय सांगतं?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वय हा एक सलग टप्पा धरला आहे: तीन वर्षं बालवाडी-अंगणवाडी आणि मग पहिली-दुसरी. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं त्यात नमूद आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात भर आहे तो खेळ, गोष्टी, गाणी आणि घरच्या भाषेवर. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबायला धोरणही सांगत नाही. अंगणवाडीसाठी 'पोषण भी, पढाई भी' मे २०२३ मध्ये सुरू झालं. कागद चांगले आहेत. ते आपल्या गावात उतरले का, हे सेविकाताईंना आणि पर्यवेक्षिकेला आपणच विचारायचं.

आणि घाईचं कारण नाही. राज्यात नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. अडीच वर्षांचं लेकरू ऑटोत बसवून तो काही पुढे जात नाही.

ही गोष्ट वर्ध्याला नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद झाली आणि मातृभाषेतून, हातानं काम करत शिकण्याचा विचार मांडला गेला. नई तालीम तीच. पुढे सेवाग्रामात शाळेआधीच्या लेकरांसाठी पूर्वबुनियादी वर्गही चालले. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा वर्गच त्यांच्या अंगणात नेला. अंगणवाडी हे नाव त्यातूनच आलं. आपल्या अंगणात आलेली शाळा सोडून आपण आता लेकरू ऑटोत बसवतो आहोत.

खरा प्रश्न : केजी टू नंतर कुठं?

हे कोणी विचारत नाही. खेड्यातली बरीच कॉन्व्हेंट केजी टू पर्यंतच असतात. पुढे दोन रस्ते. तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा, म्हणजे दहा वर्षं फी आणि ऑटो. नाहीतर परत जिल्हा परिषदेची मराठी पहिली. दुसरा रस्ता निघाला तर तीन वर्षं ए बी सी डी गिरवलेलं लेकरू अ आ इ ला नवं असतं. म्हणून तीन वर्षांच्या लेकराची शाळा निवडताना आपण दहावीपर्यंतची भाषा निवडतो आहोत, हे समजून घ्या. दहा वर्षं झेपणार असेल तर खुशाल निवडा. फक्त तीनच वर्षं झेपणार असेल तर थांबून विचार करा.

त्यासाठी एक सोपा हिशेब. फी, ऑटो, ड्रेस, पुस्तकं, स्नेहसंमेलन, सगळं एका कागदावर लिहा. बेरजेला मागच्या वर्षी तुम्हाला मिळालेल्या कापसाच्या भावानं भागा. किती क्विंटल झाले ते दिसेल. मग त्याला दहानं गुणा.

पाहायला गेलात तर एवढं विचारा: लेकरं किती आणि सांभाळणारे किती? संडास-पाणी आहे का? लेकराला घरच्या बोलीत बोलता येतं का? दर महिन्याला वजन कोण घेतं? ऑटोत किती लेकरं कोंबतात? कॉन्व्हेंटला सरकारी नोंदणीचंही विचारा.

आम्ही काय ठरवलं

पोरगी यंदा अंगणवाडीत जाईल. भावजय पूर्ण राजी नाही. तिची अट आहे की संडासाचं कुलूप निघालं पाहिजे आणि रोज तासभर तरी शिकवणं झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या जूनला कॉन्व्हेंट. अट रास्त आहे. कुलपाचा विषय मी ग्रामसभेत मांडणार आहे.

कारण गावात एक गोष्ट दिसते. ज्याच्या खिशात चार पैसे आले तो लेकरू काढून नेतो. मागं उरतात ती मजुरांची लेकरं. त्यांची आई सकाळी सातला निंदणाला जाते, ती तक्रार करायला केव्हा येणार? बोलू शकणारे पालक निघून गेले की कुलूप तसंच राहतं. तुम्ही कॉन्व्हेंट निवडलं तरी हरकत नाही. पण गावच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा डोकावून या. तिथं बसलेलं लेकरूही आपल्याच गावचं आहे.