वहीत राहिलेली नोंद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी आठ वर्षांची नात माझ्या टेबलावरचं चित्रांचं एक पुस्तक उघडून बसली होती. एका पानावर थांबून तिने विचारलं, "आजोबा, हा लुडोचा पट आहे ना? मग हिरवं घर कुठंय?"

प्रश्न बिनतोड होता. पिवळ्या पट्ट्यांचं जाळं, त्यात लाल, निळे, करडे चौकोन, आणि हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. पीट मॉन्ड्रियान या डच चित्रकाराला हिरवा रंग खपत नसे. लाल, पिवळा, निळा आणि जोडीला पांढरा, काळा, करडा, एवढ्या शिदोरीवर त्याने आयुष्याचा उत्तरार्ध काढला. नात पाहत होती ते त्याचं १९४२-४३ सालचं 'ब्रॉडवे बूगी वूगी'. सव्वा मीटर लांब, तेवढंच रुंद. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते आहे.

"लुडो नाही गं, हे गाणं आहे," मी म्हणालो. तिला ती थाप वाटली. मग मी मोबाइलवर मीड लक्स ल्युइसचं 'हाँकी टाँक ट्रेन ब्लूज' लावलं. अर्ध्या मिनिटात तिच्या पायाने ठेका धरला.

बूगी वूगी हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं पियानोवादन. त्यात डावा हात एकच आकृती न थकता फिरवत राहतो, चार मात्रांत आठ ठोके. उजवा हात मात्र मोकळा. तो ऐन वेळी सुचेल ते वाजवतो, ठेक्याला अडतो, त्याच्या पुढे पळतो, पुन्हा येऊन मिळतो. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर लेहरा फिरत असतो आणि तबलजी त्यावर खेळतो. इथे दोन्ही कामं एकाच माणसाला करायची असतात.

आता चित्राकडे पुन्हा पाहावं. आडव्या-उभ्या पिवळ्या पट्ट्या हा डावा हात. त्यांच्यावर अधूनमधून उमटलेले लहान चौकोन हा उजवा हात. ते ठरावीक अंतरावर येतील असं वाटतं आणि येत नाहीत. चित्रात पियानो नाही, वादक नाही, नाचणारी जोडपी नाहीत. कुणी म्हणतात, हे न्यूयॉर्कचे काटकोनातले रस्ते आणि त्यांवरची वाहनं आहेत. असतीलही. पण चित्रकाराने नाव देताना रस्त्याच्या जोडीला वादनही घेतलं, हे विसरून चालणार नाही.

मॉन्ड्रियान न्यूयॉर्कला पोचला ऑक्टोबर १९४० मध्ये. वय ६८. युद्धाच्या धास्तीने १९३८ साली पॅरिस सोडलं, लंडनवर बाँब पडू लागले तेव्हा लंडनही सोडलं. न्यूयॉर्कमध्ये हॅरी हॉल्ट्झमन या तरुण चित्रकार मित्राने त्याला बूगी वूगीच्या तबकड्या ऐकवल्या आणि म्हातारा हरखून गेला. नाचाचा त्याला पहिल्यापासून षोक होता. आपण चित्रातून निसर्गाचं बाह्यरूप काढून टाकतो, तसे हे वादक संगीतातून रुळलेली सुरावट मोडून फक्त लय उभी करतात, असं त्याला वाटे. दोन दशकं ज्या काळ्या रेघांनी त्याची चित्रं ओळखली गेली, त्या रेघा त्याने या वयात पुसल्या. निवृत्तीनंतर पुतण्याच्या दुकानात हिशेब लिहिण्यापलीकडे आपली मजल जात नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्याची कामाची रीतही वादकासारखी झाली. रंगीत चिकटपट्ट्या तो कॅनव्हासवर लावी, लांबून पाही, काढी, दुसरीकडे लावी. 'व्हिक्टरी बूगी वूगी' हे पुढचं चित्र तो असंच करत होता. ते जवळजवळ झालं असं वाटत असतानाच जानेवारी १९४४ मध्ये त्याने पुन्हा त्यावर पट्ट्या आणि कागदाचे तुकडे डकवायला सुरुवात केली. १ फेब्रुवारीला न्यूमोनियाने तो गेला. चित्र तसंच राहिलं, तुकड्यांसकट.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे कलेच्या गोष्टीत बँक आली की माझे कान टवकारतात. इथे ती येते १९९८ साली. नेदरलँड्समध्ये गिल्डर जाऊन युरो येणार होता. त्या निमित्ताने देशाला भेट द्यावी म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेने, पैसे दिले आणि एका अमेरिकन संग्राहकाकडून हे अपुरं चित्र ८ कोटी गिल्डरना घेतलं गेलं. युरोत सुमारे ३ कोटी ६३ लाख. आज ते हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये आहे. तेव्हा तिकडे बराच गदारोळ झाला. बँकेचा नफा शेवटी सरकारी तिजोरीत जातो, म्हणजे पैसा जनतेचाच. मग संसदेला आधी का विचारलं नाही? हा आक्षेप मला पटतो. मंजुरीआधी रक्कम उचलणारं व्हाउचर मी कधी पास केलं नसतं. पण चित्र घेतलं ते बरंच झालं. चांगली गोष्ट सर्वांच्या भिंतीवर असावी.

मला खटकतं ते निराळंच. या सगळ्या व्यवहारात एक नोंद राहून गेली आहे.

हे वादन वाढलं कुठे? शिकागोत १९२०च्या दशकात दक्षिणेकडून आलेल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना घरभाडं झेपत नसे. मग घरातच पार्टी करायची, येणाऱ्यांकडून थोडे पैसे घ्यायचे, पियानोवाल्याने रात्रभर वाजवायचं आणि सकाळी जमलेल्या पैशांतून घरमालकाला गप्प करायचं. ल्युइस आणि त्याचा मित्र अल्बर्ट अ‍ॅमन्स टॅक्सी चालवत. ल्युइसने आपली ती ट्रेन १९२७ साली ध्वनिमुद्रित केली, पण पुढे १९३५ साली एका जाणकाराने त्याला शोधून काढलं, तेव्हा तो गाड्या धूत होता. ज्याच्याकडे पाहून ते दोघे शिकले तो जिमी यान्सी बेसबॉलच्या कोमिस्की पार्क मैदानाची निगा राखणारा नोकर होता, आणि तिथे त्याने पाव शतक काढलं. नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहिलेल्या माझ्यासारख्याला या माणसाबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो.

डिसेंबर १९३८ मध्ये ल्युइस, अ‍ॅमन्स आणि पीट जॉन्सन कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेले आणि बूगी वूगीची देशभर लाट आली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला 'कॅफे सोसायटी' सुरू झालं. तिथे काळे आणि गोरे एकाच दालनात बसून ऐकत, ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. हे तिघे तिथे वाजवू लागले. मॉन्ड्रियानही तिथे जात असे.

कुणी म्हणेल, कलावंत हवेतून घेतो, त्याचं बिल कोण देणार? मान्य. स्वतः मॉन्ड्रियानलाही फारसं मिळालं नाही. 'ब्रॉडवे बूगी वूगी' ८०० डॉलरना विकलं गेलं. ते ब्राझीलच्या मारिया मार्टिन्स या शिल्पकार बाईंनी घेऊन संग्रहालयाला देऊन टाकलं. शिवाय त्याने आपलं देणं उघड कबूल केलं. चित्राला बूगी वूगी हे नाव त्यानेच दिलं. 'रचना क्रमांक अमुक' म्हणून तो सुटू शकला असता. आधी तशी नावं त्याने पुष्कळ दिली होती.

म्हणजे कर्जदाराने सही केली आहे. नोंद करायची ती आपण, पाहणाऱ्यांनी. पैशाचा हिशेब मी मागत नाही; ते वादक कधीच गेले. एवढंच म्हणतो की संगीतातून उगवलेलं चित्र दाखवाल तेव्हा शेजारी ते संगीत ऐकू येऊ द्या आणि वाजवणाऱ्यांची नावं लिहा. चित्र त्याने लहान होत नाही. माझ्या नातीला ते कळलं, ते ट्रेन ऐकल्यावर.

हे फक्त परदेशाबद्दल नाही. आपल्याकडेही गायक गातो आणि शेजारी चित्रकार कॅनव्हास रंगवतो असे कार्यक्रम होतात. लोक टाळ्या वाजवतात, चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातं. त्यामागे त्या संध्याकाळचा राग आणि गायकाचं नाव लिहिलेलं असतं का? साथीला तबल्यावर कोण होतं, हे तरी? दहा वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला त्यातली लय कुठून आली हे कळणार कसं?

नातीने त्या दुपारी ट्रेन चार वेळा लावायला लावली आणि वहीच्या पानावर स्केचपेनने चौकोन काढले. तिच्या चित्रात हिरवं घर होतं. कोपऱ्यात तिने मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव घातलं.

"आणि वाजवलं कोणी?" मी विचारलं.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पेन पुन्हा उचललं आणि म्हणाली, "स्पेलिंग सांगा."