शिल्लक रजेचा हिशेब

आमच्या मंडळाच्या मागील बैठकीत एका तरुण सभासदाने सांगितले की, नोकरीतून वर्षभराची रजा काढून आजोबांचे जुने कागद वाचण्याचा त्याचा मानस आहे. त्यावर उपस्थित वडीलधाऱ्यांनी एकमुखाने जो सल्ला दिला, तो या लेखाचे निमित्त होय. 'हे सारे निवृत्तीनंतर करावे', असा तो सल्ला होता. सल्ला देणारे बहुतेक आमच्यासारखेच निवृत्तिवेतनावर जगणारे. त्यांपैकी एकानेही निवृत्तीनंतर 'हे सारे' केलेले नाही, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. आज मात्र बोलणे भाग आहे, कारण या प्रकरणात आम्ही एका बाजूने साक्षीदार आहोत आणि दुसऱ्या बाजूने आरोपी.

आधी साक्ष देतो. २००३ च्या जूनमध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आम्ही एक वर्षाची रजा घेतली. साठलेली अर्जित रजा, तिला जोडून अर्धवेतनी रजा आणि उरलेले दिवस बिनपगारी, अशी ती मोट बांधली होती. हेतू मोठा होता. सी. ई. लो यांनी संपादित केलेले बालाघाट जिल्ह्याचे गॅझेटियर १९०७ चे, आणि तेही इंग्रजीत. कचेरीतल्या नस्त्या हिंदीत. घरी बोलणे मराठीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने वैनगंगेच्या खोऱ्यातला हा आमचा तुकडा मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचा परिचय मराठीत कोणी तरी लिहावा, आणि तो आपणच लिहावा, असे आमच्या मनाने घेतले होते.

पहिले तीन महिने काहीही लिहून झाले नाही. सकाळी दहाच्या ठोक्याला आम्ही कपडे करून तयार असू आणि जाण्याला ठिकाण नसे. दुसऱ्या महिन्यात न राहवून कचेरीत दूरध्वनी केला. पलीकडून बाबूने अत्यंत आदराने सांगितले, "साहेब, अजिबात काळजी करू नका, सगळं सुरळीत चाललंय." त्या वाक्याने आम्हांस जितका अपमान वाटला, तितका वीस वर्षांत कोणत्याही वरिष्ठाच्या खडसावण्याने वाटला नव्हता. आपल्यावाचून कारभार अडतो, ही समजूत हेच आपले खरे वेतन होते आणि पहिल्या तारखेचा पगार हा वरचा भत्ता, हे तेव्हा ध्यानात आले.

दुसरा धडा भाषेचा. वैनगंगेवरचा पहिला परिच्छेद लिहून वाचून पाहिला, तर त्यात विषय होता, संदर्भ होता, तीन मुद्दे होते आणि शेवटी जणू 'मान्यतेस्तव सादर' एवढेच लिहायचे राहिले होते. धानाच्या नुकसानीचे पंचनामे आम्ही वर्षानुवर्षे तपासले. पण परहे केव्हा उपटतात, रोवणा किती दिवस चालतो, धुऱ्यावर तूर का लावतात, तणस कशी रचतात, हे सांगता येईना. शब्द कानावरून गेलेले होते. त्यांच्यामागची माणसे आणि कामे आम्ही कधी नीट पाहिली नव्हती. अखेर आई बोलत गेली आणि आम्ही वहीत उतरवीत गेलो. वयाच्या पंचेचाळिशीला टेकलेला राजपत्रित अधिकारी आईपुढे बसून मातृभाषा शिकतो आहे, हे दृश्य पाहून शेजारी हसत. हसोत बापडे. आई २००५ च्या उन्हाळ्यात गेली. निवृत्तीनंतरचा मुहूर्त आम्ही धरला असता, तर तो २०२१ साली उजाडला असता.

पुस्तक पुरे झाले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सत्तर-एक पानांची वही झाली आणि रजा संपली. पदोन्नती एक वर्ष मागे पडली. घरखर्चाची ओढाताण झाली, ती पत्नीने सोसली. हा तोटा लपवून रजेची महती गाणे म्हणजे भाबडेपणा होईल. तरीही सदतीस-अडतीस वर्षांच्या सेवेतील कोणते वर्ष पुन्हा मिळावे, असे कोणी विचारले, तर आम्ही तेच मागू.

आता आरोपाकडे वळू. केंद्र शासनाचे रजा नियम १९७२ चे आहेत. त्यांतील सातव्या नियमाचे सार असे की, रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेची निकड असेल तर ती नाकारता येते. राज्याच्या सेवेतही आम्ही याच तत्त्वावर वाढलो. रजेवरून परतल्यानंतर काही वर्षांनी आम्ही स्वतः रजा मंजूर करणाऱ्या खुर्चीत बसलो. एका कनिष्ठ सहकाऱ्याने आजारी वडिलांपाशी राहण्यासाठी सहा महिने मागितले. आम्ही पंधरा दिवस दिले आणि बाकीच्यावर 'कार्याधिक्यामुळे अमान्य' असा शेरा मारला. वडील दोन महिन्यांनी वारले. त्या सहकाऱ्याने आम्हांस कधी एक शब्दही ऐकवला नाही. ज्याला स्वतः रजेची किंमत कळली होती, त्याच्याच लेखणीने तो शेरा लिहिला, याचे समर्थन आमच्यापाशी नाही. नियमात बसणारी प्रत्येक गोष्ट न्यायात बसतेच असे नाही, हे कळण्यासाठी आम्ही फार महाग शिकवणी घेतली. दुर्दैवाने फी दुसऱ्याने भरली.

याहून विपरीत प्रकार रजेच्या रोखीकरणाचा. शिलकी अर्जित रजा निवृत्तीच्या वेळी शासन विकत घेते. आमच्या राज्यात पूर्वी २४० दिवसांची मर्यादा होती, केंद्रात ती ३०० दिवसांची. जे शासन रजा द्यायला नाखूश, तेच ती विकत घ्यायला मात्र तयार! परिणाम उघड आहे. आम्ही लोक तरुणपणी एकेक दिवस गाठीला बांधतो आणि म्हातारपणी त्या गाठोड्याचा मोबदला घेऊन घराला गिलावा करतो. आमच्या एका स्नेह्याने पूर्ण २४० दिवस जपून ठेवले होते. निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा पायी करीन, असे तो सांगत असे. रक्कम हाती आली आणि तिच्यातली बरीचशी पाच महिन्यांत इस्पितळात गेली. त्याच्यामागून तोही गेला. पैसा वाईट नव्हे. परंतु गुडघे शाबूत असतानाचे आठ महिने आणि त्यांचा रोख मोबदला हे एकाच तोलाचे आहेत, असे मानणारा हिशेब लेखापालाला शोभतो. शहाण्या माणसाने तो का मान्य करावा?

आमच्या मित्रांचा पहिला आक्षेप परंपरेचा असतो. आधी गृहस्थाश्रम, मग वानप्रस्थ; विसावा शेवटी. या मंडळींना वारीचा विसर पडलेला दिसतो. वारकरी संसार संपल्यावर पंढरीस निघत नाही. घर, गुरे, पेरणी सगळे मागे असताना तो आषाढात चालू लागतो आणि परत येऊन पुन्हा औताला लागतो. संसाराच्या मध्यावर थांबण्याची रीत आम्हांस परकी नाही. ती आम्ही कचेरीच्या दारात सोडून आलो, इतकेच.

दुसरा आक्षेप, रिकामा काळ म्हणजे वाया गेलेला काळ. हा दृष्टिदोष जुना आहे. आमच्याच जिल्ह्याच्या बैहर भागातील बैगा लोक बेवर करीत. जंगलाचा तुकडा दोन-तीन वर्षे पिकवायचा आणि मग तो वर्षानुवर्षे सोडून द्यायचा. सोडलेली जमीन सावरते आहे, हे इंग्रजी वनखात्याला दिसेना. त्याला दिसली ती नासाडी आणि आळस. बेवरीवर बंदी आली आणि १८९० मध्ये मंडल्याच्या बाजूला 'बैगा चक' म्हणून एक पट्टा तेवढा तिच्यासाठी राखला गेला. आणि याच राजवटीचे गोरे अधिकारी स्वतः मात्र फर्लो घेऊन दीर्घकाळ विलायतेस जात! ज्यू धर्मशास्त्रात दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे. 'सबॅटिकल' हा शब्द त्याच कुळातला. हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये प्राध्यापकांसाठी ही प्रथा सुरू केली. आमच्याकडे मात्र टिळकांना 'गीतारहस्य' लिहिण्यास मंडालेचा तुरुंग लागला आणि विनोबांची गीतेवरची प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली. थोरांची गोष्ट वेगळी. पण सामान्य माणसाला चार पाने लिहिण्याची सवड हवी असेल, तर त्यानेही गुन्हाच करावा काय?

तिसरा आक्षेप, शासनाला हे परवडणार नाही. सिक्कीमसारख्या लहान राज्याने २०२३ मध्ये आपल्या नियमित कर्मचाऱ्यांसाठी अशी रजा लागू केली: किमान ३६५ दिवस, कमाल १०८० दिवस, आणि त्या काळात मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम. ज्यांची तिजोरी त्याहून कितीतरी मोठी आहे, त्यांनी परवडण्याची भाषा जपून करावी.

चौथा आक्षेप आम्हांस खरोखर टोचतो. मलाजखंडच्या ताम्रखाणीतला कंत्राटी मजूर, तेंदूपत्ता तोडणारी बाई, धान कापून झाल्यावर नागपूरच्या गाडीत बसणारा पोरगा, यांना कसली आली रजा? आणि आमच्या घरांतील स्त्रियांचे काय? केंद्राने २००८ मध्ये स्त्री कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती योग्यच होती. पण तीही दुसऱ्यासाठी राबण्याची रजा. आमच्या त्या वर्षात दोन्ही वेळचा स्वयंपाक पत्नीच करीत होती, म्हणजे रजेवर आम्ही एकटेच होतो. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. मात्र त्याचा निष्कर्ष 'कोणालाच नको' असा काढणारे लोक मजुराची बाजू घेत नाहीत, मजुराच्या आडून खुर्चीची बाजू घेतात. ज्याला मिळू शकते त्याने ती मागावी आणि ज्याला मिळत नाही त्याच्यासाठीही मागावी, हा आमच्या मते सरळ मार्ग होय.

तेव्हा त्या तरुण सभासदास आमचे सांगणे आहे की, त्याने अर्ज करावा. वर्ष अपुरे पडेल, काम अर्धे राहील, वरिष्ठ नाराज होतील, तरी करावा. वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच की, दुसऱ्यास 'नंतर कर' म्हणण्यापूर्वी आपल्या 'नंतर'चा हिशेब त्यांनी एकदा तपासावा.

आमची ती अपुरी वही त्याला हवी असल्यास आम्ही देऊ. तिच्या शेवटच्या पानांवर शेतीच्या शब्दांची यादी आहे. काही शब्दांपुढे अर्थ लिहावयाचा राहून गेला होता. सवडीने विचारू, असे तेव्हा वाटले होते. आता ते विचारण्यासारखे घरात कोणी उरलेले नाही.