विश्लेषण : ‘आंतरराष्ट्रीय’ ज्युनियर ज्युडो पदक म्हणजे नेमके काय? भंडाऱ्यातील पालकांनी काय तपासावे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे झालेल्या ज्युनियर जागतिक ज्युडो स्पर्धेत मणिपूरच्या लिंथोई चानंबमने ६३ किलो गटात कांस्यपदक जिंकले. या स्पर्धेतील भारताचे हे पहिलेच पदक. दुसरीकडे, भंडाऱ्यासह अनेक जिल्ह्यांतील व्हॉट्सॲप गटांवर ‘आंतरराष्ट्रीय ज्युडो स्पर्धेत सुवर्ण’ अशी अभिनंदने वर्षभर फिरत असतात. देशाला पहिले जागतिक ज्युनियर पदक मिळायला २०२५ उजाडले, तर मग ही सुवर्णपदके कुठली? हा फरक समजून घेणे केवळ क्रीडाप्रेमींसाठी नाही, तर मुलांच्या खेळावर घरचा पैसा लावणाऱ्या पालकांसाठीही गरजेचे आहे.

ज्युनियर म्हणजे कोण?

आंतरराष्ट्रीय ज्युडो महासंघाच्या नियमानुसार ज्युनियर गट २१ वर्षांखालील खेळाडूंचा असतो. वय जन्मतारखेवरून नव्हे, तर जन्मवर्षावरून मोजले जाते. म्हणजे २०२६ च्या स्पर्धांसाठी २००६ ते २०११ या काळात जन्मलेले खेळाडू पात्र. त्याखालचा कॅडेट गट १८ वर्षांखालील. ज्युनियर जागतिक स्पर्धा १९७४ मध्ये रिओ दि जानेरोत सुरू झाली, कॅडेटची बरीच उशिरा, २००९ मध्ये बुडापेस्टला. वजनगट मुलांचे सात (६० किलोखालील ते १०० किलोवरील) आणि मुलींचे सात (४८ किलोखालील ते ७८ किलोवरील). लढत चार मिनिटांची. प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने आणि पाठीवर नियंत्रित फेकले की ‘इप्पॉन’ आणि लढत तिथेच संपते. वीस सेकंद खाली दाबून धरले तरी तोच निकाल.

‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेचे किती प्रकार?

गोंधळ इथेच आहे. सर्वांत वर जागतिक अजिंक्यपद. त्याखाली खंडाचे, म्हणजे आपल्यासाठी आशियाई अजिंक्यपद. मग ज्युनियर आणि कॅडेट आशियाई चषक, युरोपीय चषक अशा मानांकन गुण देणाऱ्या स्पर्धा. राष्ट्रकुल ज्युडो स्पर्धा वेगळी. २०१८ मध्ये ती जयपूरला, तर २०१९ मध्ये इंग्लंडमधील वॉल्सॉल येथे झाली. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा आणि ही राष्ट्रकुल ज्युडो स्पर्धा एक नव्हेत, पण बातमीत अनेकदा ‘राष्ट्रकुल सुवर्ण’ एवढेच छापले जाते. जपान, फ्रान्स, जॉर्जिया, उझबेकिस्तान, दक्षिण कोरिया हे ज्युडोतील बलाढ्य देश राष्ट्रकुलात नाहीतच. त्यामुळे त्या पदकाला मान आहे, पण जागतिक पदकाशी त्याची तुलना होत नाही.

या सगळ्या अधिकृत स्पर्धा झाल्या. याच्या बाहेर खासगी संघटनांच्या ‘इंटरनॅशनल चॅम्पियनशिप’ भरतात. नाव मोठे, सहभाग दोन-तीन देशांचा, एका वजनगटात कधी तीन-चारच खेळाडू. त्यात खेळणे गुन्हा नाही आणि मुलांना अनुभवही मिळतो. पण त्या प्रमाणपत्राचा नोकरीत किंवा निवडीत उपयोग होईल असे सांगून पैसे घेतले जात असतील, तर सावध व्हावे.

खरे-खोटे कसे ओळखायचे?

प्रवासाचा खर्च कोण करतो, यावरून काही ठरत नाही. मान्यताप्राप्त महासंघाचे खेळाडूही काही स्पर्धांना स्वखर्चाने जातात. खरी कसोटी दोन प्रश्नांची. निवड कोणी केली आणि निकाल कुठे नोंदला गेला? अधिकृत संघ भारतीय ज्युडो महासंघाच्या निवड चाचणीतून ठरतो. त्या चाचणीपर्यंत जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढाव्या लागतात. एकदम भंडाऱ्याहून परदेशी अशी वाट नाही. अधिकृत स्पर्धेचा निकाल जागतिक महासंघाच्या संकेतस्थळावर खेळाडूच्या नावानिशी दिसतो. मोबाइलवर दोन मिनिटांत तपासता येतो.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठीच्या प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयात होते. भंडाऱ्यासाठी ते नागपूर. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात उघड झाल्यापासून ही छाननी कडक झाली आहे. सहा-सात वर्षे घाम गाळलेल्या मुलाला पडताळणीच्या खिडकीवर ‘ही संघटना यादीत नाही’ हे कळणे, यासारखी दुसरी फसवणूक नाही.

महासंघाचाच वाद असेल तर?

तोही अनुभव ज्युडोने घेतला आहे. भारतीय ज्युडो महासंघाच्या कारभारावरून प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासक नेमला. अशा काळात कोणाची जिल्हा संघटना खरी, हा प्रश्न खाली तालुक्यापर्यंत झिरपतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात संघटनांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वाद सोडवण्यासाठी लवादाची तरतूद आहे. जिल्हा पातळीवर त्याचा फायदा दिसायला वेळ लागेल. तोवर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारणे हाच सोपा उपाय.

भंडाऱ्याच्या मुलांना वाट कोणती?

जिल्ह्यात ओढ कबड्डीची. कुस्ती येणाऱ्याला ज्युडो लवकर जमतो, हे खरे, पण अर्धेच. कुस्तीतला हुकमी ‘पट’ ज्युडोत चालत नाही. कमरेखाली हाताने धरले की शिक्षा, आणि तीन शिक्षा झाल्या की बाद. शिवाय मातीऐवजी ‘तातामी’ म्हणजे खास गाद्या लागतात, लढतीसाठी किमान आठ बाय आठ मीटर आणि भोवती मोकळी सुरक्षित जागा. कबड्डीला मैदान आखले की झाले. ज्युडोला छप्पर, गाद्या आणि पडायला शिकवणारा जाणकार प्रशिक्षक हवा. सुरुवातीला पडणेच शिकवले जाते. ते न शिकवता थेट फेकाफेकी सुरू करणाऱ्या वर्गात मूल न पाठवलेलेच बरे.

स्वस्तातली पहिली पायरी म्हणजे शालेय क्रीडा स्पर्धा. त्यात ज्युडो आहे. पुढे खेलो इंडिया युवा स्पर्धा आणि मुलींसाठी ‘अस्मिता’ लीग. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. राज्याचे मोठे क्रीडा संकुल पुण्यात बालेवाडीला आहे, पण भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे ज्युडो केंद्र भोपाळला आहे आणि भंडाऱ्याहून भोपाळ पुण्यापेक्षा बरेच जवळ पडते.

लिंथोईच्या वाटेतून काय दिसते?

ऑगस्ट २०२२ मध्ये सारायेव्होत तिने ५७ किलो गटात कॅडेट जागतिक सुवर्ण जिंकले. कोणत्याही वयोगटातील जागतिक ज्युडो स्पर्धेत भारताचे ते पहिले पदक. ती इम्फाळजवळच्या मयांग इम्फाळची, पण घडली कर्नाटकातील विजयनगरच्या इन्स्पायर इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये, जॉर्जियन प्रशिक्षक मामुका किझिलाश्विली यांच्या हाताखाली. मग गुडघ्याची दुखापत आणि अनेक महिन्यांची विश्रांती. परतली ती ६३ किलो गटात. वाढत्या वयातील शरीर जुन्या वजनात कोंबण्याचा खटाटोप तिच्याबाबत झाला नाही, हे महत्त्वाचे. आपल्याकडे स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पंधरा वर्षांच्या मुलांचे पाणी तोडले जाते, दोन स्वेटर घालून पळवले जाते. वजन भरते, पण लढतीत दम उरत नाही.

ऑलिम्पिकमध्ये भारताला ज्युडोत अजून पदक नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली गेलेली एकमेव ज्युडोपटू तुलिका मान क्युबाच्या इडालिस ऑर्तिझकडून २८ सेकंदांत पराभूत झाली. त्याच शहरात पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशातील सिहोरच्या कपिल परमारने कांस्य जिंकले. सिहोर भोपाळला लागूनच आहे.